प्लास्टिकचा पंजा, मिठाचं पाणी

समोर बसलेली सतरा वर्षांची शाळकरी मुलगी. आणि तिच्याशी पंजा लढवायला आलेले तीन हात, तिन्ही प्लास्टिकचे!

७ मार्च २००५, अमेरिकेतलं सॅन दिएगो. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतले योसेफ बार-कोहेन यांनी १९९९ मध्ये जगभरातल्या संशोधकांना एक चॅलेंज दिलं होतं. मोटर नको, गिअर नको. फक्त विजेवर हलणाऱ्या पॉलिमरचा हात बनवा आणि माणसाला पंजात हरवून दाखवा. सहा वर्षांनी तीन टीम्स तयार झाल्या. न्यू मेक्सिकोची एक कंपनी, स्वित्झर्लंडची एक संशोधन संस्था आणि व्हर्जिनिया टेकचे विद्यार्थी. रिझल्ट? पहिला हात २६ सेकंद टिकला. दुसरा ४ सेकंद. तिसरा ३. मुलगी तीनही वेळा जिंकली, आणि हॉलमध्ये सगळे खूश. हरलेलेसुद्धा!

हरूनही खूश का? कारण मुद्दा पंजाचा नव्हताच. तुमच्या आजूबाजूला विजेवर हलणारी कुठलीही गोष्ट बघा. मिक्सर, पंखा, लिफ्ट, ऑफिसच्या पार्किंगचं बॅरिअर. सगळीकडे आत मोटर. मोटर फिरते, मग गिअर, मग बेल्ट, आणि शेवटी कुठेतरी हवी ती हालचाल. आपल्या दंडात यातलं काहीच नाही. तिथे पदार्थच आखडतो आणि सैल होतो. असा पदार्थ माणसाला बनवता येईल का? विजेवर हालचाल करून देणाऱ्या कुठल्याही भागाला इंजिनिअर लोक ‘अॅक्च्युएटर’ म्हणतात. हा पॉलिमरचा अॅक्च्युएटर, म्हणजेच कृत्रिम स्नायू.

तुम्ही म्हणाल, आपल्या छत्रपती संभाजीनगरात याचं काय? तर वाळूजला १९८५ पासून बजाजच्या गाड्या बनतात, आणि त्यांच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या-मोठ्या कारखान्यांची अख्खी वस्ती उभी राहिली. सुटे भाग म्हणजे पत्रा, आणि पत्रा म्हणजे पॉवर प्रेस. देशभरातल्या वाहनउद्योगात प्रेसखाली बोटं गमावणाऱ्या कामगारांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते आहे. त्यातल्या बहुतेक केसेस हरियाणातल्या आहेत, पण प्रेस मशीन काही राज्य बघून पडत नाही. गेलेल्या बोटांच्या जागी मोटरवाला हात मिळतो, पण तो जड असतो, महाग असतो, आणि मूठ वळताना ‘घुर्रर्र’ आवाज करतो. एका बोटाच्या जागेत मोटर, गिअर आणि बॅटरी बसवायची म्हणजे तर कसरतच. तिथे मऊ, हलका, आवाज न करणारा स्नायू मिळाला तर काय बहार येईल, हे सांगायला नको.

कोरडे आणि ओले

या प्लास्टिकच्या स्नायूंची दोन घराणी आहेत. पहिलं कोरडं. रबरासारख्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंना वीज दिली की दोन बाजू एकमेकींना खेचतात, पडदा चेपतो आणि पसरतो. एक्स-रेवाले रॉन्टजेन यांनी १८८० मध्येच रबराच्या पट्टीवर विजेचा भार देऊन तिची लांबी बदलते हे पाहिलं होतं. २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या ‘एसआरआय’मधल्या संशोधकांनी असा पडदा विजेवर दुपटीपेक्षा जास्त ताणून दाखवला. सॉल्लिड प्रकार! पण गोची अशी, की त्याला हजारो व्होल्ट लागतात. शर्टाच्या बाहीत हजारो व्होल्ट घेऊन ऑफिसला कोण जाणार?

दुसरं घराणं ओलं. याला एक-दोन व्होल्ट पुरतात, म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधल्या पेन्सिल सेलइतके. गंमत आणि भानगड, दोन्ही इथेच आहे. आपण याच घराण्यात शिरू.

त्यासाठी बारावीच्या केमिस्ट्रीतला एक चॅप्टर आठवावा लागेल. इलेक्ट्रोकेमिस्ट्री! आपल्यातल्या अर्ध्या जनतेने तो ऑप्शनला टाकला होता आणि उरलेल्यांनी नर्न्स्टचं समीकरण पाठ करून पेपरात ओकलं होतं. घाबरू नका, समीकरण येणार नाही.

पॉलिपायरोल नावाचं एक काळं प्लास्टिक आहे. प्लास्टिक असून वीज वाहून नेतं. अशा प्लास्टिकचा शोध हीच एक मजेशीर स्टोरी आहे. १९६७ मध्ये जपानमध्ये हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी चुकून हजारपट जास्त कॅटॅलिस्ट टाकला आणि भांड्यात काळ्या पावडरऐवजी चंदेरी पापुद्रा तयार झाला. पुढे १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी त्यावर आयोडिनची प्रक्रिया केली आणि प्लास्टिक चक्क धातूच्या पंगतीत जाऊन बसलं. २००० चं केमिस्ट्रीचं नोबेल याच तिघांना.

आता या काळ्या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा मिठाच्या पाण्यात बुडवा. हे पाणी म्हणजे इलेक्ट्रोलाइट. पापुद्रा स्वतः झाला इलेक्ट्रोड. मीठ विरघळलं की त्याचे दोन तुकडे होतात, धन आयन आणि ऋण आयन. पापुद्र्याला वीज देऊन त्यातले इलेक्ट्रॉन काढून घेतले की आत धन भार उरतो. निसर्गाला असा उधार हिशेब चालत नाही. भार मिटवायला पाण्यातले ऋण आयन पापुद्र्यात घुसतात. आणि आयन कधी एकटा येतो का? लग्नाला नवरदेव एकटा येत नाही तसा तोही पाण्याच्या रेणूंचं वऱ्हाड घेऊन येतो. एवढे पाहुणे घरात शिरले की घर फुगणारच. वीज उलटी करा, वऱ्हाड परत जातं आणि पापुद्रा आकसतो. बस्स, झाला स्नायू!

खरी धमाल पुढे आहे. पापुद्रा बनवतानाच त्यात एखादा अगडबंब ऋण आयन कोंबून ठेवला तर? उदाहरणार्थ डोडेसिलबेन्झिनसल्फोनेट. नाव ऐकून दचकू नका, याचा सोडियमबरोबरचा क्षार कपडे धुण्याच्या पावडरीत असतो. त्याला मागे लांबलचक शेपूट असते, त्यामुळे तो आतच अडकून बसतो, हलत नाही. मग इलेक्ट्रॉन काढले की ऋण आयन आत येत नाहीत. उलट इलेक्ट्रॉन दिले की सोडियमसारखे धन आयन आत येतात. म्हणजे तेच प्लास्टिक, तोच सेल, पण हालचाल बरोबर उलटी! आधीच्या विजेवर जो पापुद्रा फुगायचा, तो आता आकसतो. कुठलं मीठ घेतलं यावर स्नायूचा स्वभाव ठरतो. म्हणून या विषयात काम करणारे लोक प्लास्टिकपेक्षा पाण्याबद्दलच जास्त बोलतात.

पापुद्रा नुसता फुगून फारसा उपयोग नाही, कारण लांबीत फरक पडतो साधारण एक-दोन टक्के. आपला स्नायू सहज वीस टक्के आखडतो. मग फुगणारा थर न फुगणाऱ्या थराला चिकटवायचा. एक बाजू वाढली, दुसरी नाही, की पट्टी वाकते. जुन्या इस्त्रीतला थर्मोस्टॅट असाच दोन धातूंच्या पट्टीवर चालतो. स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठात स्मेला, इंगानेस आणि लुंडस्ट्रोम यांनी १९९५ मध्ये सोन्याच्या थरावर पॉलिपायरोल चढवून केसापेक्षा बारीक घड्या विजेवर उघडमीट करून दाखवल्या. २००० मध्ये त्याच विद्यापीठातून पाण्याखाली काम करणारा, काचेचा बारीक मणी उचलून दुसरीकडे ठेवणारा सूक्ष्म हात आला.

नळाला पाणी नाही?

ओल्या घराण्यातला दुसरा गाजलेला भिडू म्हणजे ‘आयपीएमसी’. नाफिऑन नावाच्या पॉलिमरच्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा थर चढवतात. पट्टी पाणी पिऊन बसलेली असते. व्होल्टेज दिलं की आतले धन आयन आपलं वऱ्हाड घेऊन ऋण इलेक्ट्रोडकडे पळतात, ती बाजू फुगते आणि पट्टी दुसऱ्या बाजूला वाकते. १९९० च्या दशकात जपान आणि अमेरिकेत यावर खूप काम झालं. आपल्याकडेही झालं. दुर्गापूरच्या ‘सीएमईआरआय’ या केंद्रीय प्रयोगशाळेत या पट्ट्यांचे बारीक चिमटे बनले, छोटे सुटे भाग उचलून जोडण्यासाठी.

आता भानगड. पट्टी हवेत ठेवली की आतलं पाणी उडून जातं, आणि पाणी गेलं की स्नायू संपला. वर्षानुवर्षं आठवडा-आठवडा नळाची वाट पाहिलेल्या या शहराला हे वेगळं समजवायला नको! शिवाय १.२३ व्होल्टच्या वर गेलं की पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये फुटायला लागतं. म्हणजे जास्त जोर हवा म्हणून व्होल्टेज वाढवावं, तर स्नायू आपलंच पाणी खाऊन टाकतो. आणि वाकलेली पट्टी व्होल्टेज तसंच असतानाही हळूच मागे सरकते, कारण एका बाजूला गर्दी केलेलं पाणी परत पसरायला लागतं. अशा बोटात चहाचा कप धरला तर? कप हळूहळू निसटणार!

त्यामुळे या तंत्राचं सुरुवातीचं सगळ्यात गोंडस प्रॉडक्ट काय होतं, माहितीये? मासा. जपानच्या ईमेक्स कंपनीने अशा पॉलिमरची शेपटी हलवणारे खेळण्यातले मासे २००० च्या दशकाच्या सुरुवातीला आणले. मासा पाण्यातच राहतो, मग वाळण्याचा प्रश्नच मिटला. हुशार!

हवेत काम करायचं तर पाणीच काढून टाकायचं, हा दुसरा मार्ग. ‘आयनिक लिक्विड’ म्हणजे साध्या तापमानालाच द्रव असलेले क्षार. ते जवळपास उडतच नाहीत आणि पाण्यापेक्षा जास्त व्होल्टेज सहन करतात. मग अडचण काय? ते काकवीसारखे घट्ट. त्यातले आयन मोठे आणि आळशी. वाळण्याचा प्रश्न सुटला, तर वेगाचा उभा राहिला.

वेगाचा प्रश्न तर मुळातलाच आहे. आयनला पापुद्र्यात आतपर्यंत चालत जावं लागतं, आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट. जाडी दहापट केली तर वेळ शंभरपट! म्हणजे पातळ ठेवला तर चपळ पण अशक्त, आणि जाड केला तर ताकदवान पण कासव. सॅन दिएगोच्या त्या स्पर्धेनंतर वीस वर्षांत बाजारात प्लास्टिकचे पैलवान का दिसले नाहीत, याचं बरंचसं उत्तर या एका हिशेबात आहे.

मागावरचा स्नायू

यावर सगळ्यात भन्नाट उत्तर विणकामातून आलं. २०१७ मध्ये लिंकोपिंगचे एडविन यागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेल्युलोजचे धागे घेतले, म्हणजे कापूस ज्याचा बनलेला असतो तेच द्रव्य. ते धागे आधी मागावर विणले, सुयांवर निटिंग केले आणि मग त्या कापडावर वीजवाहक पॉलिमरचा पातळ थर चढवला. धातूचा वापर शून्य. प्रत्येक धाग्यावरचा थर पातळ, त्यामुळे आयनला फार चालावं लागत नाही. आणि ताकद हवी तर? थर जाड करायचाच नाही, शेजारी आणखी धागे विणायचे. जितके धागे, त्या प्रमाणात जोर! निटिंग केलेल्या ताणल्या जाणाऱ्या कापडात तर हालचाल ५३ पट वाढली. आपल्या दंडातला स्नायूही असाच, एकमेकांना बिलगलेल्या बारीक तंतूंचा जुडगाच तर आहे.

ही बातमी हिमरू आणि पैठणीच्या गावात वाचताना कान टवकारतातच. हिमरूत सुती ताणा आणि रेशमी बाणा, पैठणीत रेशमासोबत जर. अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेला धातू, म्हणजे वीज वाहणारा धागा हातमागावर चढवायचं कसब इथे कैक पिढ्यांपासून आहे. उद्याचे स्नायू पैठणला विणले जातील, असलं काही मी म्हणत नाही. स्वीडिश मंडळींनी टेक्स्टाइल कॉलेजमधल्या लोकांना हाताशी धरलं तेव्हा काम पुढे गेलं, एवढं मात्र खरं आहे. आपल्याकडे मागवाला आणि केमिस्ट्रीवाला एका टेबलावर बसलेले किती वेळा दिसतात?

केमिस्ट्रीवाले (खरं तर फिजिक्सवाले) गावात आहेत, बरं का. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात महेंद्र शिरसाट यांचा गट गेली अनेक वर्षं पॉलिअॅनिलिन, पॉलिपायरोल याच वीजवाहक प्लास्टिकांवर काम करतो. फक्त त्यांनी त्याचा स्नायू न करता नाक केलं! गॅसचे रेणू अशा प्लास्टिकला चिकटले की त्याची वीज वाहण्याची क्षमता बदलते, आणि तो बदल मोजला की सेन्सर तयार. २००९ मध्ये शिरसाट यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड कॅम्पसमधल्या सहकाऱ्यांसोबत हायड्रोजन सल्फाइडचा सेन्सर प्रसिद्ध केला. सडक्या अंड्याचा, गटाराचा वास येतो ना, तोच गॅस. पॉलिअॅनिलिनच्या अतिसूक्ष्म तारा आणि सोन्याचे नॅनोकण यांच्या जाळ्याने तो दहा अब्ज भागांत एक भाग इतका कमी असतानाही पकडला. त्या ताराही आपल्या ओळखीच्याच पद्धतीने बनवल्या होत्या, इलेक्ट्रोलाइटमध्ये इलेक्ट्रोड बुडवून आणि वीज देऊन. विद्यापीठात आता रूसा योजनेतून उभं राहिलेलं प्रगत सेन्सर तंत्रज्ञानाचं केंद्रही आहे.

हे फक्त इथेच नाही. जळगावच्या विद्यापीठात २००० च्या दशकात कुठला इलेक्ट्रोलाइट वापरला की पॉलिअॅनिलिनचा पापुद्रा कसा बनतो, याचा पद्धतशीर अभ्यास झाला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे यांच्या गटाने सुपरकपॅसिटरच्या इलेक्ट्रोडवर नाव कमावलं. पुण्या-मुंबईबाहेरच्या विद्यापीठांतून हाच विषय का फुलला? माझ्या मते कारण साधं आहे. चिप बनवायला कोट्यवधींची क्लीन रूम लागते. इथे एक बीकर, तीन इलेक्ट्रोड आणि पोटेन्शिओस्टॅट नावाचं टेबलावर मावणारं यंत्र असलं की खरंखुरं संशोधन सुरू करता येतं. चिकाटी मात्र भरपूर लागते.

खिशातला फुगवटा

तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही हाच खेळ चालू आहे. चार्जिंग होताना लिथियमचे आयन इलेक्ट्रोलाइटमधून ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात आणि ग्रॅफाइट साधारण दहा टक्के फुगतं. रोज रात्री फुगणं, दिवसभर आकसणं. बॅटरी श्वास घेते म्हणा ना! ग्रॅफाइटच्या जागी सिलिकॉन घातलं तर कितीतरी जास्त लिथियम मावतं, पण सिलिकॉन तिप्पट-चौपट फुगतं आणि तडकतं. स्नायूवाल्याला जी हालचाल हवी असते, तीच बॅटरीवाल्याची डोकेदुखी. एमआयटीच्या येट-मिंग च्यांग यांच्या गटाने २००६ मध्ये ही डोकेदुखीच कामाला लावली आणि बॅटरीतल्या पदार्थांचं फुगणं अॅक्च्युएटर म्हणून वापरून दाखवलं. (जुन्या फोनची बॅटरी उशीसारखी फुगते ते प्रकरण वेगळं. तिथे इलेक्ट्रोलाइट सडून गॅस झालेला असतो. ती दाबू नका, टोचू नका, सरळ सर्व्हिस सेंटरला द्या.)

आणि इथे गोष्ट पुन्हा आपल्या शहरावर येते. जून २०२४ मध्ये एथर एनर्जीने ऑरिकच्या बिडकीनमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर आणि बॅटरी पॅकचा कारखाना जाहीर केला, दोन हजार कोटींचा. पुढच्याच महिन्यात टोयोटा किर्लोस्करने वीस हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार केला. पत्रा वाकवून मोठं झालेलं शहर आता आयनच्या धंद्यात उतरतंय. बॅटरी पॅक जोडणं म्हणजे सेल बाहेरून आणून डब्यात बसवणं, तिथे वेल्डिंग आणि वायरिंग येणारी पोरं चालतील. पण सेल का फुगला, का लवकर म्हातारा झाला, मेच्या उन्हात इलेक्ट्रोलाइटचं काय झालं, हे विचारायची वेळ आली की तोच ऑप्शनला टाकलेला चॅप्टर उघडावा लागणार. आणि तो हाताने केलेली मंडळी बिडकीनपासून तासाभराच्या अंतरावर, विद्यापीठात बसलेली आहेत.

बोटाचं काय झालं मग? जगभरात काम सुरू आहे. धाग्यालाच आयनिक लिक्विडच्या जेलचं वेष्टण द्यायचं, म्हणजे बादलीभर इलेक्ट्रोलाइटची गरज उरत नाही आणि स्नायू हवेतही चालतो, या दिशेने प्रयोगशाळा सरकल्या आहेत. एका कामाच्या बोटाच्या अटी मात्र कडक आहेत. ते सेकंदाच्या आत मिटलं पाहिजे, भरलेला कप न सोडता धरून ठेवला पाहिजे, दिवसात हजारदा हेच करून थकता कामा नये. आणि वाळूजच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात, बेचाळीस अंशांत ते वाळता कामा नये.